फॉक्स म्हणजे कोल्हा नव्हे

मागे एकदा जुन्या पुस्तकांच्या एका यादीचं मराठी भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं होतं. पुस्तकाचं नाव, साल, बांधणी, सगळं नीट होतं. शेवटी मात्र एक वाक्य असं: 'पाने थोडी कोल्ह्यासारखी झाली आहेत.' मी ते तीनदा वाचलं. मूळ इंग्रजीत शब्द होता 'फॉक्स्ड'. भाषांतर करणाऱ्याने कोशात फॉक्स पाहिला, समोर कोल्हा दिसला, आणि तो उचलून त्याने पानांवर सोडून दिला.

जुनं पुस्तक उघडलं की कडेकडेने तांबूस-तपकिरी ठिपके दिसतात. काही मोहरीएवढे, काही मसुराएवढे, कुठे चारपाच एकत्र येऊन झालेला ढगासारखा डाग. यालाच इंग्रजीत 'फॉक्सिंग' म्हणतात. दमट हवेत वाढणारी बुरशी आणि कागद तयार होताना त्यात राहून गेलेले लोखंडाचे कण ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणं. प्राणी तिथे आलाय तो निव्वळ रंगापुरता. 'पानांवर तांबूस डाग' एवढं लिहिलं असतं तरी काम झालं असतं.

त्या यादीपासून मला एक सवयच लागली. कुठेही फॉक्स दिसला की आधी विचारायचं, हा आला कुठून? प्राण्यापासून, कुणाच्या आडनावापासून, की नुसत्या अक्षरांच्या योगायोगातून? उत्तर मिळालं की अर्धा अर्थ आपोआप उलगडतो.

शेपटीवाला

मुळात या शब्दात धूर्तपणा वगैरे काही नव्हता. इंग्रजी 'फॉक्स', जर्मन 'फुक्स', डच 'व्होस' ही एकाच घरातली भावंडं. या घराचा पाया 'शेपूट' असा अर्थ असलेल्या एका फार जुन्या मुळात आहे, असं भाषेचा इतिहास अभ्यासणारे सांगतात. त्याच मुळाशी ते संस्कृतातलं 'पुच्छ' जोडतात. म्हणजे फॉक्स हा शेपटीवाला, आणि धूमकेतूच्या पुच्छाबद्दल बोलताना आपण त्याच्याच एका चुलतभावाचं नाव घेत असतो. प्राणी पाहिल्यावर हे नाव पटतं. अंगापेक्षा शेपूटच आधी डोळ्यात भरते.

मादीला 'व्हिक्सन' म्हणतात. 'फ'चा 'व्ह' कसा झाला? इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या बोलींमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'फ' हा 'व्ह'सारखा उच्चारत. नराचं नाव प्रमाण भाषेतलं राहिलं, मादीचं मात्र बोलीतून आलं आणि तसंच टिकलं. पुढे हा शब्द कजाग बाईलाही लावू लागले. नराच्या वाट्याला हुशारीचं कौतुक आणि मादीच्या वाट्याला कजागपणाचा शिक्का. असली वाटणी भाषा कुणाला न विचारता करून मोकळी होते.

खोकड, कोल्हा आणि बाकीचे तोतये

मराठीत खरा घोळ इथे आहे. आपण ज्याला कोल्हा म्हणतो, दिवस मावळल्यावर ज्याची कोल्हेकुई ऐकू येते, तो फॉक्स नाहीच. तो इंग्रजीतला 'जॅकल'. फॉक्सला मराठीत स्वतःचं नाव आहे: खोकड. भारतात आढळणारं खोकड म्हणजे दोनतीन किलोंचं, चिमटं तोंड, मोठे टोकदार कान आणि काळ्या टोकाची झुबकेदार शेपूट असलेलं चपळ जनावर. कोल्हा त्याच्या तिप्पट वजनाचा, पायांनी उंच, तोंडावळ्याने कुत्र्याकडे झुकलेला. खोकडाच्या डोळ्यातली बाहुली उजेडात मांजरासारखी उभी चीर होते, कोल्ह्याची गोलच राहते. आणि टोळीने एकसुरात हेल काढायची सवय कोल्ह्याची. खोकड भुंकतं, किंचाळतं, पण कोल्हेकुईच्या मैफिलीत बसत नाही.

हा फरक नुसत्या दिसण्याचा नाही. कोल्हा, लांडगा आणि कुत्रा या तिघांच्याही पेशींत ७८ गुणसूत्रं असतात. युरोप-आशियाभर पसरलेल्या तांबड्या खोकडात, म्हणजे पुस्तकांतल्या नेहमीच्या फॉक्समध्ये, ती सहसा ३४ असतात आणि सोबत काही बारीक जादा तुकडे. कोल्हा आणि कुत्रा यांचा संकर होऊ शकतो. खोकड आणि कुत्र्याचा होत नाही.

मग फॉक्सचा कोल्हा केला कुणी? गोष्टींनी. इसापाच्या ग्रीक गोष्टींतला लबाड प्राणी खोकड होता. पंचतंत्रात तीच भूमिका करटक आणि दमनक हे दोन कोल्हे करतात. परकी गोष्ट मराठीत आली तेव्हा लबाडाच्या जागेवर आपला ओळखीचा नट आधीच बसलेला होता. भूमिका त्याच्याकडेच गेली. त्यामुळे 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' या म्हणीतला कोल्हा जन्माने खोकड आहे. म्हण आता बदलू नये असं माझं मत आहे, ती रुळलीय. पण प्राण्यांवरच्या लेखात फॉक्सचा कोल्हा केला तर ती सरळ चूक आहे.

आकाशातही हाच प्रकार. सतराव्या शतकात योहानेस हेवेलियस या खगोलज्ञाने एका अंधुक तारकासमूहाला लॅटिनमध्ये छोट्या फॉक्सचं नाव दिलं, 'व्हल्पेक्युला'. मराठीत त्याचं नाव झालं जंबुक, म्हणजे पुन्हा कोल्हा! याच जंबुकात १९६७ साली जोसेलिन बेल यांना पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओलहरींचे ठोके पाठवणारा तारा, सापडला.

इंग्रजीचं घरही काही स्वच्छ नाही. खरे फॉक्स म्हणावेत असे 'व्हल्पीस' या प्रजातीतले प्राणी साधारण डझनभर जातींचे आहेत. पण नाव मात्र दिसायला जवळपास असेल त्याला लावलेलं आहे. दक्षिण अमेरिकेतले 'फॉक्स' तर मुळात लांडगा-कुत्र्यांच्या शाखेतले. २०२१ साली ब्राझीलमध्ये गाडीची धडक बसलेली एक मादी सापडली. दिसायला धड कुत्री नाही, धड रानटी जनावर नाही. तपासणीत ७६ गुणसूत्रं निघाली. तिथल्या 'पंपास फॉक्स'ची ७४, कुत्र्याची ७८, आणि बरोबर मधला आकडा हिचा. आई पंपास फॉक्स, बाप कुत्रा. २०२३ मध्ये अभ्यास छापून आला आणि बातम्या झाल्या, 'कुत्रा आणि फॉक्सचा संकर'. ज्यांना ३४ आणि ७८चं गणित माहीत होतं ते चक्रावले. गणित चुकलं नव्हतं. पंपास फॉक्स हा नावापुरताच फॉक्स आहे, एवढंच.

'फ्लाइंग फॉक्स' तर पंख असलेला. तो म्हणजे फळं खाणारं मोठं वटवाघूळ. तोंड खोकडासारखं निमुळतं आणि अंगावर तांबूस केस, म्हणून हे नाव. 'फायरफॉक्स' हे लाल पांडाचं एक इंग्रजी नाव. २००४ साली मोझिलाच्या ब्राउझरने ते घेतलं, कारण त्याआधीची 'फिनिक्स' आणि 'फायरबर्ड' ही नावं दुसऱ्यांच्या नावांशी आपटत होती. चिन्हात मात्र पांडा नाही, पृथ्वीगोलाला वेटाळून बसलेलं ज्वाळेच्या शेपटीचं खोकडच आहे. फिनिश भाषेत हाच शब्द फार जुना आहे. ध्रुवीय प्रकाशाला तिथे 'रेव्होनतुलेत' म्हणतात, शब्दशः खोकडाचे अग्नी. बर्फातून धावताना त्याची शेपूट घासून ठिणग्या आकाशात उडतात, अशी कल्पना. इंग्रजीतला 'फॉक्सफायर' पुन्हा तिसराच: कुजक्या लाकडावर अंधारात मंद चमकणारी बुरशी.

चाई

एक फॉक्स असा आहे की तो समोर असून कुणाला दिसत नाही. डोक्यावरचे केस चट्ट्याने गळतात त्याला आपण चाई म्हणतो. डॉक्टरांच्या कागदावर त्याचं नाव 'अलोपेशिया' असतं. ग्रीकमध्ये 'अलोपेक्स' म्हणजे खोकड. खोकडाला खरूज झाली की त्याच्या अंगावरचे केस असेच जागोजागी झडतात, म्हणून माणसाच्या या तक्रारीला खोकडाचा रोग म्हटलं गेलं. अरबीतही चाईचा शब्द खोकडाच्या नावावरूनच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात सिंहावर मागून चाल करणारा 'लोपाश' नावाचा प्राणी येतो. तो कोल्हा की खोकड यावर अर्थ लावणाऱ्यांचं एकमत नाही. पण लोपाश आणि अलोपेक्स हे शब्द नात्यातले आहेत, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

लबाडीचं खातं

इंग्रजीत 'फॉक्स' क्रियापद म्हणूनही वापरतात. एखादं कोडं तुम्हाला 'फॉक्स' करतं म्हणजे बुचकळ्यात टाकतं. एखाद्याला 'आउटफॉक्स' करणं म्हणजे त्याच्याच डावात त्याच्यावर मात करणं, शेरास सव्वाशेर. पूर्वी 'फॉक्स्ड' म्हणजे झिंगलेला असाही अर्थ होता. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स १६६१च्या एप्रिलमध्ये, राज्याभिषेकाच्या रात्रीची आपली अवस्था सांगताना तो याच अर्थाने वापरतो. आता तो अर्थ मेला. दुसऱ्या महायुद्धातल्या रोमेल या जर्मन सेनापतीला 'डेझर्ट फॉक्स' म्हणत. तिथे मराठीत 'वाळवंटातला कोल्हा' चालून जातं, कारण तिथे प्राणी नको असतो, लबाडी हवी असते.

या खात्यातली सगळ्यात नवलाची नोंद फ्रेंचमध्ये आहे. जुन्या फ्रेंचमध्ये खोकडाला 'गुपिल' म्हणत. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे एका लबाड खोकडाच्या पद्यकथा लोकप्रिय झाल्या. त्यात त्या खोकडाचं पाळण्यातलं नाव होतं 'रनार', मूळ जर्मन वळणाचं माणसाचं नाव, अर्थ साधारण 'मसलतीत पक्का'. कथा एवढ्या गाजल्या की लोक सगळ्याच खोकडांना रनार म्हणू लागले, आणि गुपिल हा शब्द हळूहळू व्यवहारातून गेला. आजच्या फ्रेंचमध्ये खोकड म्हणजे रनारच. आपण कुठल्याही छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतो त्यातलाच प्रकार, फक्त इथे विशेषनामाने मूळ शब्दालाच देशोधडीला लावलं. तिकडे मुलं आता गुपिल शब्द ऐकतात तो शब्दांच्या इतिहासात.

स्पॅनिशमध्ये खोकड म्हणजे 'झोरो'. काळा मुखवटा लावून तलवारीने एक खूण ओढणारा तो वीर नावानेच खोकड आहे, हे कळलं की त्याच्या सगळ्या चकवाचकवीचा अर्थ लागतो.

एक फुक्स, एक अंगुस्तान

आता जी गोष्ट सांगणार आहे ती माझी लाडकी. 'फॉक्सग्लव्ह' नावाचं एक युरोपीय झाड आहे. उंच दांड्यावर खाली तोंड करून लटकलेली जांभळट फुलं, प्रत्येक फूल बोट आत जाईल एवढं पोकळ, आत ठिपके. नाव शब्दशः 'फॉक्सचा हातमोजा'. हे मूळ 'फोक्स ग्लव्ह', म्हणजे भुताखेतांचा हातमोजा, असं होतं आणि पुढे बिघडलं, अशी एक आवडती कथा सांगितली जाते. ती खरी नाही. जुन्यात जुन्या इंग्रजीतही या झाडाच्या नावात फॉक्सच आहे.

जर्मनमध्ये याच झाडाला 'फिंगरहुट' म्हणतात, म्हणजे शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. १५४२ साली एका जर्मन वैद्याने वनस्पतींवरचा आपला मोठा लॅटिन ग्रंथ छापला. या झाडाला लॅटिन नाव नव्हतं. त्याने जर्मन अंगुस्तानावरून 'डिजिटालिस' हे नाव घडवलं. 'डिजिटस' म्हणजे बोट. या वैद्याचं नाव होतं लेओनहार्ट फुक्स. म्हणजे फॉक्सच्या हातमोज्याचं बारसं केलं ते आडनावाने फॉक्स असलेल्या माणसाने, आणि त्या नावातून फॉक्स मात्र गायब!

१७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने हृदय थकल्याने अंगावर सूज येणाऱ्या रोग्यांना या पानांचा गुण कसा येतो, किती मात्रा द्यावी, हे नोंदी ठेवून मांडलं. मात्रा महत्त्वाची, कारण सगळं झाड विषारी आहे. हृदयाच्या काही दुखण्यांत आजही देतात ते डिजॉक्सिन याच कुळातल्या झाडांतून मिळतं.

फुक्सचं नाव दुसऱ्याच झाडाला चिकटलं. अमेरिकेतल्या कानातल्या लोलकासारख्या फुलांच्या एका झुडपाला शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिज्ञाने १७०३ साली छापलेल्या पुस्तकात फुक्सच्या स्मरणार्थ 'फुक्सिया' म्हटलं. फुक्सला मरून तोवर दीडशेच्या घरात वर्षं झाली होती. हे फूल त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. पुढे १८५९च्या सुमारास फ्रान्समधल्या लियों शहरात एक झगझगीत गुलाबी-जांभळा कृत्रिम रंग तयार झाला. तो विकणाऱ्या व्यापाऱ्यांचं आडनाव होतं रनार. रंगाचं नाव ठेवलं 'फुक्सिन'. फुलावरून ठेवलं, की मालकाच्या आडनावाचं जर्मन करून ठेवलं? दोन्ही खुलासे दिले जातात. त्याच वर्षी इटलीत माजेंटा गावाजवळ लढाई झाली, आणि रंगाला 'मॅजेंटा' म्हणू लागले.

वेबपानांच्या रंगांच्या यादीत 'फुक्शिया' आणि 'मॅजेंटा' ही दोन नावं वेगवेगळी आहेत. पण दोघांची कृती एकच: लाल पूर्ण, निळा पूर्ण, हिरवा शून्य. खोकडाच्या अंगावर सापडणार नाही असा रंग त्याच्या नावाने चालतोय.

आडनाव आणि शेपटी

बातम्यांच्या वाहिनीचं नाव फॉक्स का, असं बरेच जण विचारतात. प्राण्याशी संबंध नाही. हंगेरीत जन्मलेल्या विल्यम फॉक्स याने १९१५ साली अमेरिकेत चित्रपट कंपनी काढली. १९३५ साली ती दुसऱ्या कंपनीत मिसळून 'ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स' झाली, तोवर तो स्वतः बाहेर पडला होता. नाव मात्र मालकांमागून मालक बदलत दूरचित्रवाणीवर आलं आणि १९९६ साली वृत्तवाहिनीला लागलं. डिस्नेने चित्रपटांचा भाग विकत घेतल्यावर २०२० साली स्टुडिओच्या नावातून फॉक्स काढून टाकला. 'फॉक्सट्रॉट' या नाचाचं नाव हॅरी फॉक्स या नटावरून पडलं असं सहसा सांगतात, पण घोड्याच्या एका चालीला हे नाव त्याआधीच होतं. उत्तर अमेरिकेतल्या मेस्क्वाकी लोकांना इंग्रजीत 'फॉक्स' म्हणत आले, ते फ्रेंचांनी त्यांच्यातल्या एका कुळाचं नाव सगळ्यांना लावल्यामुळे. त्यांच्या स्वतःच्या नावाचा अर्थ आहे तांबड्या मातीतले लोक.

'फॉक्सटेल मिलेट' दिसलं तर घाबरायचं कारण नाही, ते आपलं राळं. कणसाचा झुबका शेपटीसारखा, म्हणून हे नाव. 'फॉक्सहोल' म्हणजे सैनिकाने गोळीबारापासून वाचायला खणलेला एकट्यादुकट्यापुरता खड्डा.

नुसती अक्षरं

शेवटचा गट मला सगळ्यात फसवा वाटतो, कारण यात फॉक्सचा काही हातच नसतो. 'द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग' हे वाक्य टंकलेखन शिकलेल्या प्रत्येकाने बडवलेलं असतं. ३५ अक्षरांत इंग्रजीची सगळी २६ मुळाक्षरं. फॉक्सची इथली नोकरी मुख्यतः 'एक्स'साठी. 'जम्प्स'चं 'जम्प्ड' केलं की 'एस' हरवतो आणि वाक्य निकामी होतं. १९६३च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन-मॉस्को थेट तारेवर चाचणीचा पहिला संदेश गेला तो हाच. त्यात 'जम्प्ड' होतं, पण पुढे 'कुत्र्याच्या पाठीवरून' असं घालून 'एस' परत आणला होता.

विमान आणि लष्कराच्या बोलीत 'एफ' अक्षर नीट ऐकू यावं म्हणून पूर्वी 'फॉक्स' म्हणत, १९५६ पासून 'फॉक्सट्रॉट' म्हणतात. नाटो देशांचा लढाऊ वैमानिक क्षेपणास्त्र सोडताना 'फॉक्स टू' म्हणतो तेव्हा ते उष्णतेच्या मागे जाणारं अस्त्र असतं. 'फॉक्स वन' आणि 'फॉक्स थ्री' रडारवर चालणारी.

आणि मग जनुकं. वैद्यकीय बातम्यांत 'फॉक्सपी-टू' नावाचं जनुक येतं. २००१ साली त्याचा संबंध बोलण्याशी जोडला गेला: एका कुटुंबात तीन पिढ्या बऱ्याच जणांना शब्द उच्चारताना तोंडाच्या हालचाली जमत नव्हत्या, आणि त्या सगळ्यांत याच जनुकात बिघाड सापडला. आता बोलण्याचं जनुक आणि नाव फॉक्स म्हटल्यावर इसाप आठवणारच. पण फळमाशीत एका जनुकाचं नाव 'फोर्कहेड' होतं, काटेडोक्या. त्यासारख्या जनुकांमध्ये सारखा सापडणारा तुकडा म्हणजे 'फोर्कहेड बॉक्स'. पहिल्या शब्दाची सुरुवातीची दोन अक्षरं, दुसऱ्याचं शेवटचं एक, झाला 'फॉक्स'. मागे एका मजकुरात मला याचं 'कोल्हा-जनुक' असं भाषांतर दिसलं. मी ते खोडलं आणि वर लिहिलं: फॉक्सपी-टू, जसंच्या तसं.